आमच्या घरमालकांचे न संपणारे गाणे

जगात गाणे सुरू करणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात आणि सुरू केलेले गाणे रीतसर संपवून घरी जेवायला जाणारीही पुष्कळ असतात. परंतु ऐन तारुण्यात सुरू केलेले एकच गाणे, डोक्यावरचे केस आधी खांद्यापर्यंत वाढून, मग पिकून, मग बहुतांशी निघून जाईपर्यंत न संपवता सांभाळणारा गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो न्युरेम्बर्ग शहरात आमचा घरमालक निघाला. त्यांच्या बँडची सारी कारकीर्द या एका गाण्यात मावलेली आहे. अन्य बँडांनी गाण्यांच्या राशी रचल्या आणि ते विसरले गेले. आमच्या घरमालकांचे गाणे अपुरे असल्यामुळे त्याला विसरण्याची सोयच राहिली नाही.

प्रथम माझ्या अधिकाराविषयी दोन शब्द सांगणे क्रमप्राप्त आहे. माझे शालेय शिक्षण मध्येच थांबले, तथापि तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून मी जी वर्षे काढली त्यांत माझा मसुदा साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसून वाचीत असत. पुढे माझ्या पत्नीला, जी परिचारिका आहे, येथील रुग्णालयात नोकरी मिळाली आणि तिच्यापाठोपाठ मीही जर्मनीत दाखल झालो. येथे पुण्या-मुंबईकडची संगणकातली बरीच कुटुंबे आहेत. बालवाडीत जागा मिळत नाही, तळघरात पाणी झिरपते, शेजारी कुत्र्याला आवरत नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन ती माझ्याकडे येतात. मी मराठीत मसुदा करतो आणि पत्नी त्याचे जर्मन करते. माझ्या चार पानांचे तिच्या हातून पाच ओळींत जर्मन होते, हा त्या भाषेचा तोकडेपणा आहे असे मी समजतो. "अहो, इथे साहेबाच्या मुलाबाळांना दीर्घायुष्य चिंतत नाहीत," असे ती म्हणते आणि माझा सबंध शेवटचा परिच्छेद गाळते. असो. मनुष्याचे अंतरंग ओळखून ते शब्दांत मांडण्याचा मला अनुभव आहे, एवढेच सांगायचे होते.

घरमालक आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि ड्रेहलायर नावाचे वाद्य वाजवतात. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की आपल्याकडचे शेवयांचे यंत्र सारंगीच्या पोटात बसवले तर जे तयार होईल, ते हे वाद्य होय. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, आणि आतले चाक तारांवर घासून असा काही स्वर निघतो, की तो पहिल्यांदा कानी पडला तेव्हा वर कोणाच्या तरी वॉशिंग मशिनचा पट्टा तुटला असावा अशा समजुतीने मी धावत जिना चढलो होतो. दार उघडून त्यांनी माझ्याकडे अत्यंत आशेने पाहिले. "हेर नाखबार," ते म्हणाले, म्हणजे 'शेजारीबुवा'. माझे आडनाव त्यांच्या जिभेवर आजतागायत बसलेले नाही. "आवडलं म्हणून आलात?" मला नाही म्हणवेना. त्या एका सभ्यपणापायी मला त्यांच्या बैठकीत कायमची खुर्ची मिळाली. हे वाद्य हवेतल्या ओलाव्याने बिघडते, कोरडेपणाने बिघडते, आणि माझ्या पत्नीच्या निरीक्षणाप्रमाणे, पाहुणे आले की हटकून बिघडते. त्यामुळे वाजवण्याहून जुळवण्यातच त्यांचा बहुतेक दिवस जातो. मात्र दुपारी एक वाजला की सुरू असलेला स्वर मधोमध तुटतो, आणि तीन वाजता तो जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू होतो. कारण एक ते तीन ही येथे शांततेची वेळ आहे. त्या वेळेत सभ्य माणूस खिळा ठोकत नाही, गवत कापत नाही आणि ड्रेहलायर तर नाहीच नाही.

त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह फोक रॉक असे म्हणतात. मी पुष्कळ प्रश्न विचारून त्याचे जे स्वरूप समजून घेतले ते असे: खेड्यापाड्यांतली जुनी लोकगीते घ्यायची, त्यांना विजेची वाद्ये जोडायची, आणि ऐकणाऱ्याच्या जेवणाची वेळ टळून जाईल इतकी ती लांबवायची. ज्या गाण्याविषयी मी लिहीत आहे ते एका तराफेवाल्याचे आहे. येथील जंगलातून तोडलेल्या लाकडांचा तराफा बांधून तो नदीवाटे समुद्राकडे निघतो. मूळ लोकगीतात तो तिसऱ्या कडव्यात समुद्राला मिळतो. परंतु आमच्या घरमालकांच्या मते मधल्या गावांवर हा उघड अन्याय होता. म्हणून त्यांनी वाटेतल्या एका गावाचे कडवे रचले. मग शेजारच्या गावाला वाईट वाटेल म्हणून त्याचे रचले. मग दोन्ही गावांमधल्या पुलाचे रचले. बँड दौऱ्यावर निघाला आणि गाडी जिथे जिथे बंद पडली, तिथले तिथले एकेक प्रकरण गाण्यात शिरले. आणि गाडी जुनी असल्यामुळे गाणे समृद्ध होत गेले. एका भागात तर तराफेवाला धरणाच्या दारापाशी पाणी वाढण्याची वाट पाहत बसतो, आणि श्रोत्यांनाही तशीच वाट पाहावी लागते. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा एका बाजूला गाण्याचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या बाजूला राहिलेला पूर्वार्ध होता.

त्या काळी हे सारे बंडखोर होते. गावाबाहेरच्या एका शेतघरात बँडची सगळी मंडळी एकत्र राहत असे आणि जगातले सर्व नियम मोडून काढायचे असा त्यांचा निर्धार होता. तो निर्धार नीट पार पडावा म्हणून त्यांनी नियमावली केली. नियम मोडण्याची सभा दर सोमवारी असे आणि तिला उशिरा येणाऱ्याला जिना झाडावा लागे. हे घरमालकांनीच मला अभिमानाने सांगितले. आजही त्यांच्या अंगात ते बंड कायम आहे. सरकार, बाजार, दूरचित्रवाणी, विमानतळ यांवर ते तासचे तास कडाडून बोलतात, आणि बोलता बोलता हिरवी बाटली हिरव्या बाटल्यांच्या टोपलीत आणि तपकिरी बाटली तपकिरी बाटल्यांच्या टोपलीत ठेवत असतात. एकदा मी नजरचुकीने दह्याच्या डब्याचे झाकण न सोलता डबा प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. त्यांनी मला वर बोलावून चहा पाजला, समाजव्यवस्था उलथून टाकण्याची गरज समजावून दिली, आणि निघताना तो डबा आणि ते झाकण माझ्या दोन हातांत वेगवेगळे ठेवले.

बँडच्या इतिहासात एक भारतीय पर्वही होऊन गेले. त्याचे छायाचित्र त्यांच्या बैठकीत टांगलेले आहे. त्यात सर्वजण सतरंजीवर मांडी घालून बसले आहेत, पुढे उदबत्त्यांचा धूर आहे, आणि मध्यभागी एक सतार आहे जी कोणालाच जुळवता येत नव्हती. कार्यक्रमाच्या अखेरीस ड्रम वाजवणाऱ्या गृहस्थांची मांडी सुटेना. त्यांना तसेच उचलून, देवाची मूर्ती न्यावी तसे, गाडीत ठेवावे लागले. त्या पर्वाच्या आठवणीपोटी घरमालकांना असे वाटते की प्रत्येक भारतीयाला जन्मतः तबला येतो. मला येत नाही हे मी अनेकदा स्पष्ट केले. "तुम्ही फार नम्र आहात," एवढेच त्यांचे उत्तर असते. पुढे बँड फुटला, तो रंगमंचावर मेंढी आणावी की न आणावी या प्रश्नावरून. मग मेंढी आणण्याच्या बाजूचे आणि न आणण्याच्या बाजूचे असे दोन बँड झाले, दोघेही तेच गाणे वाजवू लागले, आणि एका उत्सवात एकापाठोपाठ एक दोघांनाही बोलावल्यामुळे श्रोत्यांना ते गाणे दोनदा ऐकावे लागले. त्या कष्टी श्रोत्यांकडे पाहूनच समेट झाला असे म्हणतात. समेटानंतर त्यांनी निरोपाचे कार्यक्रम सुरू केले, आणि निरोपाच्या कार्यक्रमांना गर्दी होते असे ध्यानात आल्यावर दर उन्हाळ्यात निरोप घेण्याचा प्रघात पडला.

आता बासरीवाल्या बाईंविषयी. बँडच्या स्थापनेपासून त्या बासरी वाजवतात. चांदीची, आडवी धरायची बासरी. देह काटकुळा, बोलणे तोडून, आणि चालणे असे झपाझप की बसच मागे पडेल. शनिवारी दुपारी तीननंतर त्या घरमालकांकडे कॉफीला येत, सोबत आपण भाजलेला प्लमचा केक आणत, आणि तो कापता कापता त्यांच्या गाण्याचेही तुकडे करीत. "हा पुलाचा भाग काढ," त्या म्हणत. "पूल काढला तर माणसं नदी ओलांडतील कशी?" घरमालक कळवळून विचारीत. "आल्झो," म्हणजे 'बरं मग', "त्यांना पोहायला सांग." या गाण्याचा शेवट बाईंनी त्या शेतघरात असतानाच रचून ठेवला होता. तो एकट्या बासरीचा आहे. तराफा समुद्राला मिळतो तेव्हा बाकीची वाद्ये थांबतात आणि फक्त बासरी उरते. परंतु तो शेवट रंगमंचावर तोवर एकदाही वाजलेला नव्हता. प्रत्येक कार्यक्रमात घरमालक आधी तराफ्याचा इतिहास सांगत, मग वाद्य जुळवत, मग वाजवायला घेत, आणि समुद्र अजून बराच लांब असताना सभागृह रिकामे करण्याची वेळ होई. बाई बासरी ओठांपाशी नेत आणि परत मांडीवर ठेवीत. हे सारे आयुष्यभर असेच चालले.

गेल्या वसंतात बाईंनी केक कापता कापताच सांगितले की उन्हाळ्यात त्या न्युरेम्बर्ग सोडून ड्रेस्डेनला लेकीकडे कायमच्या राहायला जाणार आहेत. गुडघ्यांना जिना झेपत नाही, आणि श्वासही पहिल्यासारखा पुरत नाही. बासरीही आता बंद करायची, डॉक्टरांनी सांगितले म्हणून नव्हे, तर फुंकर मध्येच तुटलेली त्यांना स्वतःला खपत नाही म्हणून. "जाण्याआधी एकदा माझा तराफा समुद्राला लागू दे," त्या म्हणाल्या. "एकदाच. मग तुला काय पूल बांधायचे ते बांध." घरमालकांनी हिरव्या बाटलीतले पाणी तपकिरी प्याल्यात ओतले आणि ती बाटली पांढऱ्या बाटल्यांच्या टोपलीत ठेवली. माझ्या पत्नीने ते पाहिले. जिना उतरताना ती मला म्हणाली, "अहो, त्या त्यांच्या कोण होत्या, हे तुम्हाला इतके दिवस कळलंच नाही?"

"बासरीवाल्या," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

कार्यक्रम ठरला तो बागांच्या वसाहतीत. येथे शहराबाहेर छोट्या छोट्या बागांची वसाहत असते. ज्याच्या त्याच्या वाट्याला एकेक वाफा, एक लाकडी खोपटे आणि नियमांचे एक जाड पुस्तक येते. घरमालकांचीही तिथे बाग आहे. वसाहतीच्या उन्हाळी जत्रेत, शनिवारी सकाळी, सभागृहात बँड वाजवणार होता. बाईंची गाडी त्याच दुपारी सुटणार होती. अडचण एकच होती: दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ बागांच्या वसाहतीत शहराहूनही कडक पाळतात, आणि घरमालकांचे गाणे एकच्या आत समुद्रापर्यंत पोहोचल्याचा इतिहास नव्हता. ते माझ्याकडे आले. जिना उतरून, स्वतः, हातात टोपी घेऊन. "हेर नाखबार," ते म्हणाले, "तुम्ही अर्ज लिहिता असं तुमच्या पत्नी सांगतात. मला अर्धा तास हवा आहे."

मी आयुष्यात जमिनीचे, वारसाचे, विहिरीचे अर्ज लिहिले, परंतु समुद्रासाठी अर्ज लिहिण्याचा प्रसंग पहिलाच. मी दोन दिवस अन्य काम हाती घेतले नाही. 'सेवेशी सविनय सादर' अशी सुरुवात करून मी नदीचे महत्त्व, बासरीचे प्राचीनत्व आणि वृद्धांप्रती समाजाचे कर्तव्य यांचा परामर्श घेतला, आणि अखेरीस एक वाजता सुरू होणारी शांतता त्या एका दिवसापुरती दीड वाजता सुरू करण्याची प्रार्थना केली. पत्नीने रात्रपाळीवरून आल्यावर तो वाचला. नेहमीप्रमाणे सर्व गाळून तिने जर्मनमध्ये एवढेच ठेवले: ती जाते आहे, तिला शेवटपर्यंत वाजवू द्या, कृपया. मला ते फार उघडेबोडके वाटले, परंतु जर्मन भाषेपुढे माझा इलाज नव्हता.

अर्ज घेऊन आम्ही वसाहतीच्या अध्यक्षांकडे गेलो. हे अध्यक्ष म्हणजे ज्यांची मांडी सुटली नव्हती तेच ड्रमवादक. बंडखोरांमधून अध्यक्ष कसे निपजले हे मी घरमालकांना विचारले होते. त्यावर ते म्हणाले की शेतघरात असतानाही सोमवारच्या सभेची हजेरी तोच घेई. आम्ही गेलो तेव्हा अध्यक्ष मोजपट्टी घेऊन एका कुंपणाच्या झुडपाची उंची तपासत होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"ड्रमवादक म्हणून या अर्जाला माझा मनापासून पाठिंबा आहे," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणून मी तो फेटाळतो."

"पण तू एकच माणूस आहेस," घरमालक म्हणाले.

"म्हणूनच कठीण जातं."

"तुझ्या ड्रमवादकाला सांग ना, अध्यक्षाला समजाव म्हणून."

"सांगून पाहिलं. अध्यक्ष ऐकत नाही." त्यांनी झुडपाची एक फांदी कात्रीने कापली. "वेळेवर सुरू कर. भाषण करू नकोस. एवढंच करायचंय तुला. जन्मभर एवढंच करायचं होतं."

दोघांचे हे भराभर चाललेले जर्मन संभाषण पत्नीने मला समजावून दिले तेव्हा मी अध्यक्षांशी वाद घालण्यास पुढे सरसावलो होतो, परंतु तिने माझ्या बाहीला धरले. घरी आल्यावर घरमालकांनी बाईंसमोर ड्रेहलायरवर हात ठेवून शपथ घेतली की कार्यक्रमात ते भाषणाचा एकही शब्द उच्चारणार नाहीत. "गेनाऊ," बाई म्हणाल्या, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि घरमालकांचा दुसरा हात कुठे आहे ते वाकून पाहिले, कारण पाठीमागे बोटे अडकवून घेतलेली शपथ येथे बंधनकारक नसते.

त्या शनिवारी सभागृह भरले होते. पुढे वसाहतीतले बागाईतदार, मागे बँडचे जुने चाहते, ज्यांच्या पांढऱ्या वेण्या खुर्च्यांच्या पाठींवरून लोंबत होत्या, आणि खिडकीपाशी माझ्या निमंत्रणावरून आलेली आपली चार-दोन कुटुंबे, साबुदाणावड्यांचे डबे घेऊन. त्यांतल्या एका अभियंत्याने मला विचारले, "काका, गाणं किती मिनिटांचं आहे?" मी त्याला वडा खायला सांगितले. उकाड्यामुळे सर्व खिडक्या सताड उघड्या होत्या. बँड वेळेवर मंचावर आला. बाईंची प्रवासाची बॅग मंचाच्या पायरीशी उभी होती. घरमालकांनी शपथ अक्षरशः पाळली, एक शब्द उच्चारला नाही. त्यांनी केवळ एक भला मोठा गुंडाळलेला नकाशा आणला, भिंतीवर टांगला, आणि हातातल्या काठीने उगमापासून एकेक वळण, एकेक गाव, एकेक पूल निःशब्दपणे दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी ते थांबत, श्रोत्यांकडे पाहत, आणि सगळ्यांना समजले अशी खात्री झाल्यावरच पुढे सरकत. मूकपणामुळे याला भाषणाहून अधिक वेळ लागला. बाईंनी अखेर बासरीनेच नकाशा खाली पाडला. त्यानंतर वाद्य जुळवणे आले, कारण पाहुणे आले होते.

गाणे सुरू झाले ते मी पूर्वी ऐकले होते तेच, परंतु त्या दिवशी मी ते एका डोळ्याने ऐकत होतो आणि दुसऱ्या डोळ्याने भिंतीवरचे घड्याळ पाहत होतो. जंगल आले आणि गेले. पहिला पूल आला. घरमालक घामाघूम होऊन दांडा फिरवत होते, आणि मला स्पष्ट दिसत होते की आज ते खरोखर घाई करीत आहेत. एक संपूर्ण गाव त्यांनी ओलांडले, तिथला घाट न गाता. जुन्या चाहत्यांमध्ये कुजबुज झाली. धरणापाशी पाणी वाढण्याची वाट पाहायची ती त्यांनी पाहिली नाही; पाणी आपोआप वाढले. अध्यक्ष ड्रम वाजवत होते आणि दर थोड्या वेळाने, ठेका न चुकवता, मनगट वळवून घड्याळ पाहत होते. शेवटच्या पुलाखालून तराफा निघाला, पुढे रुंद पाणी लागले, बाईंनी बासरी उचलली, ओठांपाशी नेली, श्वास घेतला, आणि एक वाजला.

अध्यक्षांच्या काठ्या हवेतच थांबल्या. त्यांनी त्या हळूच मांडीवर ठेवल्या. याला मी दोष देत नाही. ते अध्यक्ष होते. परंतु त्याच क्षणी आमच्या घरमालकांचा हातही दांड्यावरून खाली आला. त्यांना कोणी थांबवले नव्हते. ज्या अर्ध्या तासासाठी ते टोपी हातात घेऊन जिना उतरले होते, तो मिळाला असता तरी त्यांचा हात एकला थांबलाच असता, इतकी वर्षांची सवय त्या हाताला होती. ते आपल्या हाताकडे पाहत राहिले.

आणि बाई वाजवू लागल्या.

सर्वांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी उघड्या खिडक्यांकडे पाहिले, बाहेरच्या बागांकडे पाहिले, जिथे शांततेची वेळ सुरू झाली होती. मग ते ड्रममागून उठले, चवड्यांवर चालत पहिल्या खिडकीपाशी गेले आणि त्यांनी ती आवाज न करता लावून घेतली. मग दुसरी. मग आमच्या कुटुंबांपाशी येऊन, वड्याचा डबा बाजूला सरकवून, तिसरी. खोलीतला आवाज खोलीतच राहिला तर तो शांततेचा भंग ठरत नाही, असा येथील नियमांत एक आधार आहे. अध्यक्षांना तो पाठ होता. शेवटची खिडकी लावून ते तिथेच, काचेला पाठ टेकवून, उभे राहिले.

तो शेवट एक कांदा चिरून व्हावा एवढ्याच वेळात झाला. मी संगीतातला जाणकार नाही, परंतु ते वाजवणे ऐकताना माझ्या शेजारच्या अभियंत्याने वडा चावायचा थांबवला. मधे एकदा बाईंची फुंकर तुटली. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि तुटलेल्या जागेपासून न घेता एक पाऊल मागून घेऊन पुढे गेल्या. मग ते संपले. घरमालक त्यांच्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. "तुला सांगत होते मी."

टाळ्या मात्र कोणालाच वाजवता येईनात. खिडक्या लावल्या तरी इतक्या माणसांच्या टाळ्या खोलीत मावत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी तरी टेबलावर बोटांची पेरे आपटून दाद देण्याची इथली रीत सुरू केली, तर अध्यक्षांनी एक बोट वर केले. तेव्हा मंडळी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाईंनी बासरीचे तीन भाग सुटे केले, ते पुसून डबीत ठेवले, आणि दारापाशी सर्वांचा कुजबुजत निरोप घेतला. टॅक्सी आली होती. घरमालक बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले आणि टॅक्सीत बसू लागले, तर बाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवून अडवले. पत्नी मागेच उभी होती, तिने ऐकले. "तू थांब," त्या म्हणाल्या. "लोक टाळ्या घेऊन तीन वाजायची वाट पाहताहेत. घ्यायला कुणीतरी हवं."

ते परत आले आणि मंचावर बाईंच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले. येथील गाड्यांना उशीर होतो अशी सर्वांची तक्रार असते, आणि मी मनातून त्या दिवशी तीच आशा धरून होतो. परंतु ड्रेस्डेनची गाडी नेमकी वेळेवर सुटली. सभागृहात काही मंडळी घरी गेली, काही खुर्चीतच पेंगली, आपली मुले खाली सतरंजीवर झोपली. कोणी मोठ्याने बोलले नाही. तीन वाजले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले, एकेक करून सर्व खिडक्या उघडल्या, आणि सर्वांच्या आधी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळे उठून उभे राहिले. दुपारभर धरून ठेवलेल्या त्या टाळ्या अशा काही बाहेर पडल्या, की झोपलेली मुले रडत उठली.

घरमालकांनी वाकून नमस्कार केला नाही. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाईंना लावला. तो कापला गेला. येथील गाड्यांत बोलण्यास मनाई असलेला डबा असतो, आणि बाई दुसऱ्या कोणत्या डब्यात बसणे शक्यच नव्हते. त्यांनी पुन्हा लावला. या वेळी निरोप नोंदवून घेणारे यंत्र लागले असावे, कारण ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोन डोक्याच्या वर, हात ताणून, आम्हां सर्वांच्या दिशेने धरला. लोकांच्या ते ध्यानात आले आणि टाळ्या दुप्पट झाल्या. पेंगणारेही जागे होऊन वाजवू लागले. ते तसेच उभे होते, एक हात वर, डोळे मिटलेले, आणि दुसरा हात त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर.

टाळ्या हळूहळू विरळ झाल्या, मग थांबल्या. लोक खुर्च्या आवरू लागले. त्यांचा हात मात्र खाली आला नाही. माझी पत्नी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तो निरोप केव्हाच संपला असेल. फोन बंद झाला असेल. जाऊन सांगा ना त्यांना."

साऱ्या तालुक्याची गाऱ्हाणी मी साहेबांपुढे मांडली आहेत, परंतु हे वाक्य मराठीतसुद्धा कसे सुरू करावे ते मला सुचेना. मी जागेवरच उभा राहिलो आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागलो. थोड्या वेळाने पत्नीनेही पर्स खांद्याला अडकवली आणि माझ्याबरोबर वाजवू लागली.